बातमीतलं व्हिएन्ना, खिडकीतलं व्हिएन्ना

आम्ही तिघी. एक व्हिएन्नाला असते, एक लिस्बनला, आणि मी कुठेच गेले नाही. म्हणून आमच्यात एक व्हिएन्नाकर, एक लिस्बनकर आणि मी घरकर. खरी आडनावं आता पासपोर्टपुरती उरली आहेत.

नऊ वर्षांपूर्वी आमचं ठरलं की दर रविवारी प्रत्येकीने तीन बातम्या पाठवायच्या. एक शहराची, एक सुराची, एक चित्राची. टाइप करायचं नाही, आवाजात रेकॉर्ड करायचं. तब्येत, नोकरी, नवरा, सासू, घरभाडं हे सगळं वर्ज्य. वर्ज्य स्वर लागला की दंड म्हणून पुढच्या रविवारी चौथी बातमी.

या नऊ वर्षांत मला दोन परकी शहरं फुकटात मिळाली. लिस्बनच्या फरशी-संग्रहालयात २३ मीटर लांबीचं निळ्या-पांढऱ्या फरश्यांचं चित्र आहे, त्यात १७५५च्या भूकंपाआधीचं अख्खं शहर आहे, हे मला पुस्तकातून नाही, लिस्बनकरच्या बातमीतून कळलं. फादो म्हणजे तिथलं पारंपरिक गाणं, ते सुरू होण्याआधी दिवे मंद होतात आणि ताटातल्या काट्याचमच्यांचासुद्धा आवाज चालत नाही, हेही तिच्याकडूनच. व्हिएन्नाकरच्या प्रत्येक बातमीमागे ट्रामची घंटा वाजायची. ती ऐकली की मला पुढचं खरं वाटायचं.

यंदा मे महिन्यात तिघींच्या सुट्ट्या जुळल्या. व्हिसा, तिकिटं वगैरे सगळ्यांचं होतं तसंच झालं.

गुरुवार

विमानतळावर मी पोचले, बॅग पोचली नाही. काउंटरवरच्या बाईंनी एक फॉर्म भरून घेतला आणि फार गोड हसल्या. त्या हसण्यावरूनच कळलं की बॅग काही आज येत नाही.

एरवी मी यावर एक ओळही खर्च केली नसती, पण त्या बॅगेत माझे सगळे गरम कपडे होते आणि बाहेर नऊ डिग्री तापमान. मे महिन्यात! व्हिएन्नाकर म्हणाली, "तू बरोबर बर्फाळ संतांच्या मुहूर्तावर आलीस." इकडे ११ ते १५ मे हे पाच दिवस पाच संतांचे. मामेर्टुस (याला सगळेच धरत नाहीत), पांक्राझ, सेर्वाझ, बोनिफाझ आणि शेवटची 'थंड सोफी'. वसंत रुळला म्हणेपर्यंत या दिवसांत थंडी एकदा मागे वळून येते अशी जुनी समजूत आहे, आणि सोफी होईपर्यंत बागकाम करणारी माणसं नाजूक रोपं बाहेर लावत नाहीत. दर वर्षी ठरल्या तारखेला थंडी येतेच असं नाही म्हणे. यंदा आली.

तर पुढचे दोन दिवस मी व्हिएन्नाकरच्या जुन्या, गुडघ्यापर्यंतच्या राखाडी कोटात वावरले. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. फोटोत मी गवसणीत घातलेल्या तंबोऱ्यासारखी दिसते.

(जाणाऱ्यांसाठी: विमानतळावरून शहरात यायला फक्त पर्यटकांसाठी चालवल्यासारखी एक महागडी गाडी आहे. तिच्या नादी लागू नका. एस-७ ही साधी लोकल थोडा जास्त वेळ घेते, पण कितीतरी स्वस्त पडते. शहराच्या पासमध्ये विमानतळाचा टप्पा धरत नाहीत, तेवढं जादा तिकीट काढावं लागतं. आणि कागदी तिकिटावर आधीच शिक्का नसेल तर चढण्याआधी निळ्या डबीत घालून त्यावर शिक्का मारून घ्या. तिकीट खिशात आणि शिक्का नाही, तर दंड भरावा लागतो.)

गुरुवारी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम हे इथलं मोठं कलासंग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडं असतं. लिस्बनकर दुपारीच पोचली होती. घरी बसून रडगाणं गाण्यापेक्षा चला म्हणून आम्ही सातला तिथे दाखल झालो. ही वेळ मी कुणालाही सुचवीन. सहलीचे घोळके गेलेले असतात, राखणदार दमलेले असतात, आणि ब्रॉयगेल या जुन्या चित्रकाराच्या दालनातल्या बाकावर चक्क जागा मिळते.

जगात ब्रॉयगेलची सर्वात जास्त चित्रं या एका इमारतीत आहेत. त्यातल्या एकाशी माझी जुनी ओळख होती. १५६०चं 'मुलांचे खेळ'. एका गावच्या चौकात दोनशेहून जास्त मुलं ऐंशीच्या वर खेळ खेळताहेत, एवढंच चित्र. व्हिएन्नाकर गेली काही वर्षं महिन्यातून एकदा चित्राची बातमी म्हणून त्यातला एकच खेळ सांगते. आतापर्यंत एकतीस झाले होते. मी चित्र मुद्दाम कधी शोधून पाहिलं नव्हतं, तिच्या शब्दांतूनच जुळवत आणलं होतं.

तर मी समोर उभी राहिले आणि आधी खाली डावीकडे पाहिलं. बसल्या होत्या दोघी सागरगोटे खेळत! त्यांचे सागरगोटे हाडांचे, पण बसण्याची ढब तीच. मग निळं टोपडं डोक्यावरून ओढलेली आंधळी कोशिंबीर. मग चाक फिरवणारे दोघे, पिंपावर घोडा-घोडा करणारे दोघे, आणि ओसरीत भोवरे. मी एकेक बोट दाखवत होते (काचेपासून लांबून, राखणदाराचं लक्ष होतं) आणि लिस्बनकर मोजत होती. एकोणतीस सापडले. उरलेले दोन मी मनातच कुठेतरी भलत्या जागी काढून ठेवले होते.

आणि एक असा सापडला जो व्हिएन्नाकरने कधी सांगितलाच नव्हता. खाली उजव्या कोपऱ्यात एक मुलगी वीट घासून तिची लाल भुकटी करते आहे. दुकान-दुकान. समोर तराजू, भुकटीची छोटी रास. मी तिथे बराच वेळ थांबले. लहानपणी विटेचं तिखट कुणी केलं नाही? गंमत म्हणजे या सगळ्या मुलांचे चेहरे मोठ्या माणसांसारखे आहेत, कुणी मोकळेपणी हसतसुद्धा नाही. खेळ म्हणजे किती जोखमीचं काम, हे ब्रॉयगेलला ठाऊक असणार.

"हा का नाही सांगितलास?" मी विचारलं.

"मला तो कधी दिसलाच नाही," ती म्हणाली. नऊ वर्षं या शहरात राहून, दर महिन्याला इथे येऊन!

शेजारच्या 'शेतकऱ्यांच्या लग्ना'त मात्र आम्ही तिघी एकाच माणसावर अडकलो. जेवणाच्या थाळ्या एका काढलेल्या दारावर ठेवून आणताहेत आणि बॅगपाइपवाला वाजवणं सोडून त्यांच्याकडे बघत उभा आहे. कार्यक्रमाला गेलेल्या कुठल्याही साथीदाराला हा चेहरा ओळखू येईल.

शुक्रवार

सकाळी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेले, पडदा सरकवला आणि कप खाली ठेवला.

खिडकीसमोर, झाडांच्या शेंड्यांवरून, एक राक्षस उभा होता. काळपट राखाडी काँक्रीटचा, पन्नास मीटरांहून उंच, बहुतेक बिनखिडक्यांचा. वर चहूबाजूंनी कानासारखे बाहेर आलेले सज्जे. त्याच्या अंगावर कबुतरं, पायथ्याशी मेमधली कोवळी हिरवळ आणि धावायला आलेली माणसं.

"हे काय आहे?"

"फ्लाकटुर्म." व्हिएन्नाकर ब्रेडला लोणी लावत होती. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी या शहरात विमानविरोधी तोफांसाठी असे सहा बुरूज बांधले. तिच्या घरासमोरच्या आउगार्टन बागेत त्यातले दोन आहेत. एकावर तोफा, दुसऱ्यावरून टेहळणी आणि नेमबाजीचे हिशेब. हवाई हल्ल्यात लोक आत आसऱ्याला यायचे. युद्धानंतर पाडायचा विचार झाला, पण भिंती इतक्या जाड की उडवायचं म्हटलं तर शेजारची घरंही जायची. म्हणून तसेच राहिले. याच बागेत मोझार्टच्या काळात सकाळच्या मैफली व्हायच्या. त्या मैफलींची बातमी मला तिच्याकडून दोनदा मिळाली होती, पोर्सेलीनच्या कारखान्याची मिळाली होती, बॉइज कॉयरच्या पोरांना ती आपल्या खिडकीतून बघते हेसुद्धा मला माहीत होतं.

"नऊ वर्षांत याचं नावही काढलं नाहीस."

"रोज दिसतं गं. रोज दिसतं त्याची बातमी काय देणार?"

मला ते उत्तर पटलं नाही. पण नीट उलटून बोलताही आलं नाही, कारण माझ्या खिडकीतून काय दिसतं हे मीही कधी सांगितलेलं नाही.

दुपारी सेसेशन या चित्रप्रदर्शनांच्या इमारतीत गेलो. १८९८ची ती पांढरी इमारत आणि वर सोनेरी पानांचा घुमट. बांधली तेव्हा लोकांनी तिला कोबीचा गड्डा म्हणून हिणवलं आणि आता ते नाव लाडाचं झालं आहे. तळघरात चित्रकार क्लिम्टची बेथोवेन-चित्रपट्टी आहे, ३४ मीटर लांबीची. १९०२च्या एका प्रदर्शनापुरती केलेली, नंतर पुसून टाकायच्या बोलीवर. एका संग्राहकाने विकत घेतली, तुकडे करून उतरवली, आणि १९८६पासून ती या तळघरात आहे. नवव्या सिंफनीवर बेतलेली. म्हणून आम्ही शहाण्यांनी ठरवलं की फोनवर चौथा भाग लावायचा आणि चित्राबरोबर चालायचं. इअरफोनचे दोन कान, माणसं तीन. त्यातून हिशेब चुकला. समूहगान टिपेला पोचलं तेव्हा आम्ही अजून त्या केसाळ, शिंपल्याच्या डोळ्यांच्या वानरासमोरच होतो. आनंदगीत कानात आणि डोळ्यांसमोर तो. लिस्बनकरला हसू आवरेना. एक वयस्कर गृहस्थ मागे वळले, आमचा फोन पाहिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "पुन्हा सुरुवातीपासून लावा." आम्ही लावलं. दुसऱ्या खेपेला जमलं. शेवटच्या मिठीपाशी आवाज आणि रंग एकत्र पोचले तेव्हा आमच्यातलं कुणीच हसत नव्हतं.

संध्याकाळी ऑपेरा. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण स्टाट्सऑपर या इथल्या ऑपेरागृहातल्या उभ्याच्या जागांची बातमी मला अनेक रविवार ऐकायला मिळाली होती. ही तिकिटं त्या-त्या दिवशी मिळतात. खेळाच्या सुमारे ऐंशी मिनिटं आधी उरलेल्यांसाठी खिडकी उघडते, पण खिडकीआधी रांग लागते. तिकीट एका साध्या जेवणापेक्षा स्वस्त. मोठे कोट क्लोकरूममध्ये ठेवावेच लागतात. आत शिरल्यावर आपल्या जागेच्या कठड्याला मफलर बांधायचा. एकदा बांधला की ती जागा तुमची, मग खुशाल पाणी पिऊन या, कुणी हात लावत नाही. आणि पायात जाड तळव्यांचे बूट घाला. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर हे सगळं विसरा, तेव्हा खेळच नसतात.

मफलर बॅगेत, बॅग देवाला माहीत. व्हिएन्नाकरने आपल्या पिशवीतून एक कापडी पट्टा काढून दिला. तो तिच्या ड्रेसिंग गाऊनचा होता. मी तो पितळी कठड्याला बांधला. शेजारी एक आजोबा उभे होते, हातात स्वरलिपीचं पुस्तक, कडा मऊ पडलेल्या. त्यांनी माझी गाठ पाहिली, मान हलवली, ती सोडली आणि स्वतः पुन्हा बांधली. नंतर कळलं की मी गाठ पुढच्या माणसाच्या अक्षरपट्टीवर आणली होती. प्रत्येक जागेसमोर संवादांचं भाषांतर दाखवणारी छोटी पट्टी असते. तेवढ्या हातवाऱ्यांवर आमची ओळख झाली. तरुणपणापासून इथे उभंच राहून ऐकतो, असं ते व्हिएन्नाकरला जर्मनमध्ये म्हणाले. बसायला परवडायला लागलं तोवर उभं राहायची सवय झाली होती.

खेळ पुच्चिनीच्या 'ला बोएम'चा होता. इथलं नेपथ्य दिग्दर्शक झेफिरेल्लीने १९६३मध्ये उभं केलेलं, तेच अजून चालू आहे. तिसऱ्या अंकात जकातनाक्यावर बर्फ पडतो. हळूहळू, पिंजलेल्या कापसासारखा. बाहेर तसलीच थंडी, आत उबेत उभं राहून तो बर्फ बघताना मला दोन दिवसांत पहिल्यांदा गरम वाटलं. आजोबा पुस्तकाचं पान कधीच वाद्यांच्या आधी उलटत नव्हते. शेवटी नायिका मिमी गेल्यावर त्यांनी ते मिटलं आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत आपला मफलर सोडून निघून गेले.

रात्री हावेल्का कॅफेत बुख्टेल्न खाल्ले. आत आलुबुखारचा मुरंबा भरलेले पावासारखे मऊ, वरून पिठीसाखर. ते संध्याकाळ उलटल्यावरच मिळतात, दुपारी मागू नका. आणि कॉफीबरोबर येणारा पाण्याचा पेला जरूर प्या. या शहराच्या नळाला १८७३पासून डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. बाटली विकत घेणाऱ्याकडे लोक दयेने बघतात.

शनिवार

सकाळी कार्मेलिटरमार्क्टला शनिवारचा शेतकऱ्यांचा बाजार. मेमध्ये तिथे एकच राजा, पांढरा अ‍ॅस्परॅगस. मातीखाली दडवून वाढवलेला, म्हणून पांढरा. विकणाऱ्या बाईंनी दोन जुड्या एकमेकींवर घासून दाखवल्या. ताजा असेल तर चुईं असा आवाज येतो. सुराची बातमी आयतीच मिळाली.

घरी तो सोलायचं काम मला मिळालं. शेंडा सोडून खाली, बोटावर धरून, हलक्या हाताने. साल राहिली तर दोरे दातात अडकतात, जास्त गेली तर काडी उरते. सालं फेकायची नाहीत. चिमूटभर साखर, मीठ आणि लोण्याचा तुकडा घालून ती पाण्यात उकळायची आणि त्याच पाण्यात देठ शिजवायचे. सोबत उकडलेले नवे बटाटे आणि तांबूस होईतो कढवलेलं लोणी. चव सांगणं अवघड आहे. कणसाच्या आतल्या कोवळ्या पानाला वास येतो, त्याच्या जवळपासची.

जेवताना दाराची घंटा वाजली. बॅग आली होती! मी गरम कपडे घातले आणि बाहेर लख्ख ऊन पडलं.

दुपारी डी ट्रामने शेवटपर्यंत, नुसडॉर्फला. तिथून ओढ्याकाठी एक पायवाट जाते, तिला बेथोवेनची वाट म्हणतात. जवळच्या हायलिगेनश्टाटमध्ये १८०२ साली त्याने भावांना ते प्रसिद्ध पत्र लिहिलं, ऐकू येईनासं झाल्याचं. पाठवलं नाही, त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडलं. व्हिएन्नाकर हे सांगत होती आणि लिस्बनकर अचानक गप्प झाली.

मग होयरिगर. शहराच्या हद्दीतच द्राक्षमळे आहेत आणि मळेवाले आपली वाइन आपल्याच अंगणात विकतात. १७८४मध्ये दुसऱ्या योझेफ बादशहाने दिलेली ही परवानगी. दारावर देवदारासारख्या झाडाची फांदी लटकवलेली दिसली की समजायचं, आज उघडं आहे. फांदी नाही तर घंटा वाजवत बसू नका. आत लाकडी बाकं, अक्रोडाचं झाड, काळा पाव आणि लिप्टाउअर, म्हणजे पापरिका घातलेलं तिखटसर चीज. वाइनमध्ये सोडा घालून मागितली तरी इथे कुणी नाक मुरडत नाही.

कोपऱ्यात चौघे श्रामल, म्हणजे इथलं लोकसंगीत, वाजवत होते. दोन व्हायोलिनं, एक बटणांचं छोटं अकॉर्डियन आणि दोन मानांची गिटार. तिची दुसरी मान नुसत्या खर्जाच्या तारांची, त्या दाबायच्या नाहीत, मोकळ्या छेडायच्या. माझी नजर तिथेच. दोन मानांमध्ये वाजवणाऱ्याचा अंगठा कसा ये-जा करतो ते बघत होते, तेव्हा लिस्बनकर म्हणाली, "मी दोन वर्षांत फादो ऐकायला गेलेले नाही."

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. परवाच्या रविवारी तर तिने लिस्बनमधल्या आल्फामा वस्तीच्या गल्लीतलं गाणं पाठवलं होतं.

"आल्फामातलं घर सोडलं. मालकाला ते रात्रीच्या हिशेबाने पर्यटकांना द्यायचं होतं. आता नदीपलीकडे राहते, अल्मादाला. फेरीने ये-जा. जुन्या शेजारच्या आजी शुक्रवारी रात्री फोन लावून खिडकीत ठेवतात. मी इकडे ऐकते. तेच तुम्हाला पाठवते."

"सांगितलं का नाहीस?" व्हिएन्नाकर जवळजवळ ओरडली.

"घरभाडं वर्ज्य होतं ना," ती म्हणाली. "नियम तूच केलास."

चौघांनी नवीन धून धरली. व्हिएन्नाकरने पावाचे तुकडे करून त्यांची रांग लावली, मग ती मोडली. मला आजी दिसत होत्या. फोन खिडकीत उभा करणाऱ्या, बहुतेक फुलांच्या कुंडीला टेकवून. त्या बातम्या खोट्या होत्या असं मला काही केल्या म्हणवेना. पण त्यात नदी राहून गेली होती, आणि फेरी, आणि रात्री फोन कानाला लावून बसलेली ही.

"घरकर, तुझं काय?" लिस्बनकरने विचारलं. "तुझा रियाज चालू आहे ना?"

तेवढ्यात वाढणाऱ्या बाई बिल घेऊन आल्या. रोख आहे का म्हणाल्या, त्यांच्याकडे कार्ड चालत नव्हतं. आम्ही तिघी पर्सा उलट्या करून नाणी मोजायला लागलो आणि मी वाचले. (होयरिगरला जाताना रोख ठेवा. मला तिचा दुहेरी उपयोग झाला.)

रविवार

मेचा दुसरा रविवार, म्हणजे ऑस्ट्रियात मातृदिन. आम्हाला पत्ता नव्हता. एरवीही रविवारी दुकानं बंद असतात, किराणा शनिवारीच भरून ठेवावा लागतो. त्यात आज प्रत्येक हॉटेलात प्रत्येकाची आई जेवायला आलेली. तीन ठिकाणांहून परत फिरलो. शेवटी रस्त्यावरच्या टपरीवर त्या दोघींनी चीज भरलेलं सॉसेज खाल्लं आणि मी पाव आणि मोहरीची चटणी. मोहरी उत्तम होती.

मग ७१ नंबरची ट्राम. व्हिएन्नात कुणी गेलं की म्हणतात, त्याने ७१ पकडली. कारण ही ट्राम मध्यवर्ती स्मशानभूमीला जाते. १८७४पासूनची ही जागा सुमारे अडीच चौरस किलोमीटर पसरली आहे आणि तिथे सुमारे तीस लाख माणसं पुरलेली आहेत, शहरात जिवंत आहेत त्यापेक्षा जास्त. दुसऱ्या फाटकाला उतरा, पहिल्याला उतरलात तर चालून चालून पाय मोडतील.

गाडीत सगळ्यांच्या मांडीवर फुलं. आयांसाठी. जिवंत आयांना जेवण, गेलेल्यांना पिटुनिया.

संगीतकारांच्या कोपऱ्यात बेथोवेन, शूबर्ट, ब्राम्स आणि योहान स्ट्राउस शेजारी शेजारी आहेत. मध्ये मोझार्टचं स्मारक, पण तो तिथे नाही. त्याला सांक्ट मार्क्सला पुरलं, नेमकं कुठे ते हरवलं. फोटो काढणारे बरेच होते. आम्ही एक चक्कर मारली आणि मागच्या साध्या थडग्यांकडे वळलो, तिथे जास्त बरं वाटलं.

आणि तिथे तो दिसला. एका थडग्यावरच्या लाल काचेच्या दिव्यात डोकं खुपसून बसलेला, तपकिरी पाठ, काळं पोट, गोबरे गाल. रानटी हॅम्स्टर. मेणबत्तीचं मेण कुरतडत होता. दोन्ही हातांनी धरून, अगदी मन लावून, गाल फुगेपर्यंत भरून घेत. शेजारच्या थडग्याला पाणी घालणाऱ्या बाई म्हणाल्या, तो रोजचाच आहे. त्यांच्या आईच्या दिव्यातलंही तोच नेतो. "आईला चाललं असतं," असं म्हणून त्यांनी झारी रिकामी केली. लिस्बनकरने फोन काढेपर्यंत तो बिळात गेला. ही चित्राची बातमी कुणी पाठवायची यावर परतीच्या ट्राममध्ये भांडण झालं.

कारण रविवार होता, बातमीचा वार. तिघी एका घरात, मग करायचं काय? आधी समोरासमोर सांगून पाहिलं. जमेना. डोळ्यांत बघून 'शहराची बातमी' म्हटलं की हसू येई. शेवटी दिवे मालवून तिघी तीन खोल्यांत गेलो आणि फोनवर पाठवलं. व्हिएन्नाकर स्वयंपाकघरात रेकॉर्ड करत होती. तिचा आवाज मला आधी भिंतीतून पुटपुटता आला आणि मग फोनमधून स्वच्छ. "शहराची बातमी. माझ्या खिडकीसमोर एक बुरूज आहे." पुढे चार मिनिटं ती त्याच्याबद्दल बोलली. पावसात त्याचा रंग कसा बदलतो, नवीन आली तेव्हा वर्षभर पडदा लावून ठेवायची, मग कधीतरी लावायचा राहिला. मागे ट्राम वाजली नाही. त्या खोलीत ट्राम ऐकूच येत नाही. इतकी वर्षं ती बातमीसाठी खाली रस्त्यावर जाऊन उभी राहत होती.

सोमवार

थंड सोफीचा दिवस. संतांच्या यादीतली शेवटची, आणि सकाळी खरंच धुकं होतं. मोठं म्युझियम सोमवारी बंद असतं (जूनपासून उघडतात), म्हणून कुठे जायचं नव्हतं. व्हिएन्नाकरने स्वयंपाकघरातल्या खिडकीत वाढवलेली टोमॅटोची सहा रोपं बाल्कनीत नेली. वास्तविक उद्यापर्यंत थांबायला हवं, पण उद्या आम्ही नसणार. आम्ही कुंड्या धरल्या, तिने माती दाबली. हाताला टोमॅटोच्या पानांचा तो हिरवा, उग्र वास राहिला, विमानात बसेपर्यंत.

लिस्बनकरचं विमान आधी होतं. फाटकाशी तिने मला विचारलं, "शनिवारचं उत्तर राहिलंय." मी म्हटलं, रविवारी.

पुढचा रविवार

व्हिएन्नाकर: सहापैकी एक रोप सोफीने नेलं. सुराची बातमी नाही, चित्राची नाही, म्हणे कंटाळा आला होता. दंडाचा विषय कुणी काढला नाही.

लिस्बनकर: अल्मादाच्या गल्लीतला धार लावणारा. सायकल ढकलत येतो आणि छोट्या बासरीवर चढते-उतरते सूर काढतो. तो वाजवत आला की पाऊस पडतो असं तिथे म्हणतात. पडला नाही. मागे फेरीचा भोंगा होता.

मी पहिल्या दोन बातम्या कशाबशा उरकल्या. मग सांगितलं की क्लास तीन वर्षांपूर्वीच सुटला. तंबोरा कपाटावरून काढला, गवसणीला बुरशीचा वास होता. जोडातली एक तार तुटली आहे, खुंट्या सुकल्या आहेत, पिळल्या की परत सरकतात. खडू लावून तिन्ही तारा कशातरी लावल्या. जवारीचा दोरा सापडला नाही म्हणून शिवणाच्या डब्यातला वापरला. मिनिटभर छेडून पाठवलं. मध्येच षड्ज उतरला, तो तसाच ठेवला.